एकाच गाण्यापुरती गिटार

रिटायर झालेल्या माणसाला काहीतरी लागतंच. कुणाला देव लागतो, कुणाला शेअर बाजार, कुणाला पहाटे बागेत जाऊन मोठ्यानं हसायची सवय. बोल्हेगावातल्या आमच्या गल्लीत एकाला तर दर तासाला गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीत डोकवायचं व्यसन लागलं होतं, ते त्याच्या बायकोनं शिडी विकून सोडवलं. पण दानीएल भिंगारदिव्याला गिटार लागली आणि गल्लीला कामच मिळालं.

वय वर्षं एकसष्ट. नागापूरच्या एमायडीसीत छत्तीस वर्षं मेंटेनन्स फिटर. दोन वर्षांपूर्वी बायको गेलेली. कुणाच्या अध्यात ना मध्यात. असा हा माणूस एका मंगळवारी चर्चकडून स्कूटीवर आला तो पायाशी गिटार उभी करून. एका हातात स्कूटीचं हँडल, दुसऱ्या हातात गिटारचा गळा. पिठाच्या गिरणीपुढच्या स्पीडब्रेकरवर गिटार ‘ढँव’ म्हणाली आणि गिरणीपासून मेडिकलपर्यंत झाडून सगळ्यांनी माना वळवल्या. दिवे लागेपर्यंत गल्लीत तीन तर्क फिरत होते. पहिला, दानीएल दुसरं लग्न करतोय. दुसरा, केलंय, नुसतं सांगत नाही. तिसरा तर्क सांगताना लोक बोट कपाळाशी नेऊन गोल फिरवत होते.

भिंतीपलीकडच्या झुंबरबाई कराळे मात्र ठाम होत्या. त्या मुलाबरोबर इथं राहायला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, पण गल्लीचं रेशनकार्ड असतं तर त्यावर कुटुंबप्रमुख म्हणून त्यांचंच नाव लागलं असतं.

“लगीन करनारा मानूस आदी दाढी करतो,” त्या म्हणाल्या. “ह्येनं आठ दिस केली न्हाई. लगीन न्हाई, दुसरंच कायतरी हाय.”

म्हातारीचं बरोबर होतं. पण ते दुसरं काय, हे दानीएल कुणाला सांगेना. सांगायला तो फारसा कुणाशी बोलतच नव्हता.

झालं होतं ते एवढंच. त्याची एकुलती एक लेक एंजेला आयर्लंडला नर्स आहे. तिला पहिली मुलगी झाली, रूथ. दर रविवारी दुपारी चारला तिचा व्हिडिओ कॉल येतो. दानीएल तीन वाजताच इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवून बसतो. तासभर आधीपासून तो त्या काळ्या पडद्यात स्वतःचंच तोंड बघत असतो. त्या रविवारी एंजेलाचे डोळे खोल गेले होते आणि मांडीवर दोन महिन्यांचं पोर आकाशपाताळ एक करत होतं.

“पप्पा, ही झोपतच नाही हो. सगळं करून बघितलं. आई भाकरी करताना काहीतरी गुणगुणायची ना, मी तिथंच गोधडीवर पडायचे आणि मला झोप लागायची. ते कसं होतं? मला सुरुवातीचं थोडंसं आठवतं, पुढचं येतच नाही.”

“ते होय?” दानीएल म्हणाला. “आहे की.”

“म्हणा ना मग.”

दानीएलनं तोंड उघडलं. बेअरिंग गेलेला टेबलफॅन सुरू व्हावा तसा आवाज निघाला. रूथ क्षणभर गप्प झाली होती, तिनं आजोबांना एकदा नीट बघून घेतलं आणि दुप्पट जोरानं सूर लावला. एंजेला आधी हसली, मग ओढणीनं डोळे पुसायला लागली.

“राहू द्या पप्पा. मी आपलं सहज विचारलं.”

“नाही नाही, धाडतो मी. पंधरा दिवसांत धाडतो.”

धाडतो म्हणाला खरा. फोन बंद झाल्यावर मात्र तो साखरेच्या डब्यापुढं तसाच बसून राहिला. चाल त्याच्या डोक्यात होती, अगदी लख्ख होती, पण बाहेर यायला दारच नव्हतं.

देवानं या माणसाची मोठी गंमत केली होती. कान दिला होता असा, की कंपनीत तो दंतकथा होऊन बसला होता. मशीन कुरकुरायला लागलं की दानीएल लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. “आतली रिंग. चार दिवस चालेल,” म्हणायचा. चौथ्या दिवशी मशीन बसायचं. नवे इंजिनिअर मीटर लावून तासभर आकडे बघायचे आणि शेवटी दानीएलनं आधीच सांगितलेलं कागदावर लिहायचे. आणि गळा? गळ्याबद्दल बोलायचं तर, लग्नानंतर बायकोमागोमाग तो चर्चच्या गायनमंडळात गेला होता. दुसऱ्याच रविवारी मंडळ चालवणाऱ्या स्टीफनसरांनी त्याला हळूच बाजूला घेतलं. “दानीएल, तू उंच आहेस, मागं उभा राहिलास की छान दिसतोस. फक्त तोंड हलव.” तेव्हापासून अठ्ठावीस वर्षं दानीएलनं प्रभूची स्तुती आवाज न करता केली. घरी मार्था म्हणायची, “तुमचा कान देवानं केला आणि गळा करताना जेवणाची सुट्टी झाली.”

मार्था गायची. चर्चमध्ये गायची ती चर्चची गाणी. पण भाकरी थापताना गुणगुणायची ते वेगळंच. त्याला शब्द नव्हते. ते कुठून आलं, आईकडून की आजीकडून की तिचं तिनंच केलं, हे दानीएलनं कधी विचारलं नाही. रोज कानावर पडणाऱ्या गोष्टीबद्दल कोण विचारतं? मोबाईलमध्ये तिचे सहा व्हिडिओ होते. सहाही व्हिडिओंत ती कॅमेऱ्यापुढं हात धरून एकच वाक्य म्हणते, “बंद करा ते, माझा अवतार बघा.”

तो स्टीफनसरांकडं गेला. “शब्द सांग, ओळखतो,” सर म्हणाले. “शब्द नाहीत.” “मग चाल म्हण.” दानीएलनं सरांकडं नुसतं बघितलं. सरांनाही अठ्ठावीस वर्षं आठवली आणि त्यांनी विषय बदलला.

म्हणजे सगळ्या जगात ती चाल आता एकाच डोक्यात उरली होती, आणि नेमक्या त्याच डोक्याला गाता येत नव्हतं.

रविवारच्या शाळेत मुलांना गाणी शिकवणारी निकिता म्हणून मुलगी आहे, तिनं वाट दाखवली. चर्चच्या कोठीत नाताळच्या चांदणीमागं एक जुनी गिटार पडली होती. पाळकसाहेबांना विचारून तिनं ती काढून दिली, नव्या तारा चढवून दिल्या.

“कोणतं गाणं बसवायचंय, काका? यूट्यूबवरून काढू.”

“यूट्यूबवर नाही ते.”

“मग कुठंय?”

दानीएलनं बोटानं कानशील दाखवलं. निकिता हसली नाही, हे तिचं मोठेपण.

“मग कॉर्डबिर्ड सगळं सोडा. एकच तार घ्या. ह्या आडव्या पट्ट्या आहेत ना, फ्रेट, एकेक दाबत जा आणि वाजवा. तुमच्या कानातल्याशी जुळलं की थांबा. मग पुढचा सूर. कानानंच शोधायचं. वेळ लागेल.”

“वेळाचं काय,” दानीएल म्हणाला. वेळ त्याच्याकडं पोत्यानं होता.

तारा जुळवायला तिनं मोबाईलमधलं काहीतरी दाखवलं, हिरवा दिवा लागतो म्हणाली. दानीएलनं ते बघितलं आणि मोबाईल परत दिला. त्याला दिव्याची गरज पडली नाही. एक तार पाचव्या फ्रेटवर दाबली आणि शेजारची मोकळी सोडली, दोन्ही एकदम वाजवल्या, तर आवाजात घूं-घूं अशी लाट येत होती. हे तर त्याच्या ओळखीचं होतं. शेजारी शेजारी दोन मोटरी जवळजवळ सारख्या वेगानं फिरल्या की अशीच लाट येते. खुंटी पिळत गेलं की लाट लांबते, मंदावते, आणि बरोब्बर जुळलं की मरते. तीन दिवसांत सहाही तारा त्यानं अशा बसवल्या, की निकितानं मोबाईल लावून बघितला तर हिरवा दिवा हलेना. अर्थात त्याआधी त्यानं नट आवळल्यासारख्या आवळून दोन तारा तोडल्या होत्या, तो भाग वेगळा. बोटांचा तर प्रश्नच नव्हता. नवशिक्याची बोटं तारेनं सोलतात म्हणे. इथं छत्तीस वर्षं पान्यावर घट्टे पडलेले होते, भीती तारेलाच होती.

झालं, सुरू झालं. सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी चार ते सात. टँव. टँव. टिंव. परत टँव. गिटारच्या कडेवर हनुवटी टेकवून तो बसायचा, म्हणजे आवाज हाडातून थेट आत जायचा. आतल्याशी जुळला की पांढऱ्या पेनानं फ्रेटवर खूण करायची. ते ऐकून गल्लीचं काय होत होतं, ते गल्लीला ठाऊक. झुंबरबाईंनी पाचव्या दिवशी भिंतीवरून डोकं काढलं.

“दानीएलभाऊ, त्या तुनतुन्याला काय खायला-प्यायला देता का न्हाई? सकाळधरनं रडतंय.”

“शिकतोय, बाई.”

“शिका की. पन एकच अक्षर किती दिस गिरवनार? आमचा पार्थ बालवाडीत हाय, त्यो सुदिक ‘क’ वरनं ‘ख’ वर गेला.”

दानीएलनं मान हलवली आणि पुन्हा टँव केलं. त्याला राग आला नव्हता. दिवसभरात त्याच्याशी कुणी बोललं असेल तर एवढंच. डबा द्यायला येणारी जया मेसवाली फाटकावर पिशवी अडकवायची आणि हॉर्न वाजवून जायची. घरात फ्रिज तेवढा बोलायचा. त्याच्या कॉम्प्रेसरचं काय दुखतंय हेसुद्धा दानीएलला कळायचं, पण फ्रिजशी गप्पा मारण्यापर्यंत तो अजून आला नव्हता. आला असला तर गल्लीला तरी माहीत नाही.

आठवड्यात चालीची पहिली ओळ सापडली. त्या संध्याकाळी तो ती सोळा वेळा वाजवत बसला. सोळाव्या वेळी एक भयंकर गोष्ट त्याच्या लक्षात आली.

दुसरी ओळ शोधताना चुकीचे सूर वाजायचेच. पण वाजलेला सूर खरा असतो, कानात शिरतो. आठवलेला सूर बिचारा मऊ असतो. चुकीचा सूर दहादा वाजवला की आतला बरोबर सूर त्याच्या धक्क्यानं सरकायचा. दानीएलनं डोळे मिटून मार्थाला ऐकायला बघितलं, तर मार्थाच्या जागी गिटारच ऐकू आली, चुकीची. एक बोल्ट चुकीच्या आट्यावर चढवला आणि जोर केला तर आटेच मरतात, मग बरोबरचा बोल्टसुद्धा बसत नाही. फिटरला हे सांगावं लागत नाही. तो घाबरला. चाल बाहेर काढता काढता आपणच ती पुसून टाकतोय.

त्यानं गिटार पलंगाखाली सरकवली. चार दिवस हात लावला नाही. टीव्ही बंद, रेडिओ बंद. रविवारी चर्चलासुद्धा गेला नाही, कारण तिथं गाणी. पाळकसाहेबांचा फोन आला तेव्हा पोट बिघडलंय म्हणाला. सकाळी आठला ती घंटागाडी येते, कचरा टाका कचरा टाका असं गाणं लावून, तिच्या आधी दहा मिनिटं तो कानात कापूस घालून संडासात जाऊन बसायचा. एकदा मागच्या मंगल कार्यालयात हळदीचा डीजे लागला तर हा स्कूटी काढून थेट पिंपळगावच्या तलावाकडं निघून गेला आणि काळोख पडेपर्यंत तिथं बसला. गल्लीत तिसरा तर्क पहिल्या नंबरावर आला.

चौथ्या दिवशी दुपारी, लुंगी वाळत घालताना, काही विचार नसताना, मार्था परत आली. म्हणजे तिचा आवाज. दोन ओळी, सरळ. तो हातातली लुंगी तारेवर तशीच टाकून आत पळाला आणि पहिल्याच झटक्यात दुसरी ओळ त्याच्या बोटांना लागली.

मग त्याला युक्ती कळली. फार शोधायचं नाही. बसायचं, वाट बघायची, ऐकू आलं की एकदाच हात घालायचा, चुकला तर लगेच गिटार खाली. दिवसाला दोन सूर, कधी एक. तिसरी ओळ, चौथी ओळ. पंधरा दिवसांचे चाळीस दिवस झाले. एंजेलानं दोनदा विचारलं, “पप्पा, आठवतंय ना?” दोन्ही वेळा तो म्हणाला, “आठवतंय, काम चालू आहे,” जसं कंपनीत सायबाला सांगायचा.

तिसऱ्या ओळीच्या मध्यात मात्र एक जागा बसेना. आधीचा सूर होता, नंतरचा होता, मधे काय ते येत नव्हतं. चाल वर जायची की खाली? किती वाट बघितली तरी मार्था नेमकी तिथंच गप्प. आठ दिवस त्यानं त्या एका सुरासाठी घालवले. शेवटी त्यानं हिशेबी डोक्यानं काम केलं. अलीकडचा दात आणि पलीकडचा दात माहीत असेल तर मधला दात कसा असणार हे गिअरवरून कळतंच. त्यानं मधला सूर घातला. वाजवून बघितलं. गोड लागत होतं. निकितानं मोबाईलवर रेकॉर्ड करून आयर्लंडला धाडलं.

अर्ध्या तासात फोन आला. रविवार नसताना.

“पप्पा, हेच! हेच हो ते!” एंजेला रडत होती की हसत होती कळत नव्हतं. “तुम्ही वाजवलंत? खरं तुम्ही?” रूथ त्या रात्री सलग पाच तास झोपली. दुसऱ्या दिवशी निकितानं ही बातमी चर्चमध्ये सांगितली, चर्चमधून ती गल्लीत आली आणि तिन्ही तर्क करणाऱ्यांनी आपण आधीपासून हेच म्हणत होतो असं सांगायला सुरुवात केली. झुंबरबाई भिंतीवरून म्हणाल्या, “आरं माज्या द्येवा, नातीसाठी व्हय! आदी सांगायचं की ओ, आमी कानात बोळं तरी कवतिकानं घातलं असतं.”

दानीएल हसला. कितीतरी दिवसांनी.

पण त्याला झोप येईना. मशीन दुरुस्त होऊन चालायला लागतं, सुपरवायझर पाठ थोपटून जातो, आणि फिटर एकटाच तिथं उभा राहतो, कारण चालतंय खरं, पण आवाज नीट नाही. तसं झालं होतं. तो एक सूर. गोड होता, पण मार्थाचा नव्हता. आता तर दुसरं काही शोधायचंही राहिलं नव्हतं. निकिताचं येणं थांबलं, गल्लीचं कौतुक आठवड्यात आटलं, घरात पुन्हा फ्रिज बोलायला लागला.

अशात जया मेसवाली भावाच्या वास्तुशांतीला राहात्याला गेली, पाच दिवस डबा बंद. झुंबरबाई म्हणाल्या, “मी देते की दोन भाकरी, त्यात काय?” पण या माणसाला कुणाकडून काही घ्यायचं म्हणजे दात उपटल्यासारखं होतं.

“नको. मीच करतो.”

“तुमी? भाकरी?” झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. “करा, करा. गरम पान्यात मळा पन. गार पान्यात मळाल तर भाकरी न्हाई, नकाशा हुईल.”

गरम पाण्यात मळूनही नकाशाच झाला. शनिवारची सकाळ. गिरणीतून ताजं ज्वारीचं पीठ आणलेलं. मार्थाची परात दोन वर्षांनी खाली काढलेली. पहिली भाकरी नगर जिल्ह्यासारखी झाली, संगमनेर एका बाजूला लोंबत होतं आणि जामखेड तुटून परातीत राहिलं. दुसरी उचलताना मधोमध फाटली. भिंतीपलीकडून सल्ले चालू होते. “पीठ पेरा खाली! अंगठा न्हाई, तळवा वापरा, तळवा! खिळा न्हाई ठोकायचा!”

तिसरीला हात जरा बसला. थप, थप, थप, आणि परात जरा फिरवायची. थप, थप, थप. हाताला ठेका सापडला आणि ठेक्याबरोबर, न बोलावता, मार्था सुरू झाली. पहिली ओळ, गोळा चपटा होतो. दुसरी ओळ, भाकरी परातभर पसरते. दानीएल श्वास सांभाळून थापत राहिला, कारण ही आतली होती, गिटारमधली नव्हती. तिसरी ओळ सुरू झाली, भाकरी झाली, आता उचलायची. त्यानं दोन्ही तळवे खाली घातले, भाकरी अलगद उचलली, आणि आपोआप दम धरला. भाकरी हातावर असताना कुणी श्वास घेत नाही, घेतला की हात हलतो आणि ती मोडते. परातीपासून तव्यापर्यंत वीतभर अंतर. भाकरी तव्यावर पडली, श्वास सुटला, आणि तिसरी ओळ पुढं चालू झाली.

मधे काहीच नव्हतं.

दानीएल तसाच उभा राहिला. मग फिटर होता म्हणून एकदा बघून विश्वास ठेवला नाही. चौथी भाकरी घेतली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, उचल, दम, तवा. काहीच नाही. तिथं सूर नव्हताच. आठ दिवस तो ज्या जागेत सूर शोधत होता, त्या जागेत मार्था, भाकरी मोडू नये म्हणून, फक्त गप्प बसत होती. तो दारात खुर्चीवर पेपर वाचत बसायचा आणि त्याला पाठीमागून ऐकू यायचं. वळून बघितलं असतं तर कळलं असतं.

“भाऊ! जळतीय ओ! वास आला!” झुंबरबाई ओरडल्या.

त्यानं गॅस बंद केला. पिठाच्याच हातांनी गिटार घेतली आणि तिसरी ओळ वाजवली. ती जागा आली तेव्हा बोट उचललं. तार थांबली, मग पुढचा सूर. बरोब्बर. आत आणि बाहेर कुठंच लाट उरली नाही. तो एकट्यासाठी तीनदा वाजवून पलंगावर बसला. 

दुसऱ्या दिवशी रविवार. तो अडीचलाच शर्ट घालून बसला. काय सांगायचं ते त्यानं मनात दहा वेळा जुळवलं होतं. एंजेला, थोडी चूक झाली, एक सूर जास्तीचा आहे, तो काढ. आई तिथं गप्प बसायची. का गप्प बसायची तेही सांगायचं होतं. आईबद्दल तिला माहीत नसलेली गोष्ट त्याच्याकडं पहिल्यांदाच होती.

चारला फोन आला. एंजेलानं ओठांवर बोट ठेवलं आणि कॅमेरा खाली वळवला. रूथ मांडीवर होती, डोळे अर्धवट. एंजेला गुणगुणत होती. पहिली ओळ. दुसरी. तिसरी ओळ आली आणि दानीएलनं घातलेला तो सूर आला. एंजेला त्यावर जरा जास्त रेंगाळली, आणि रूथची पापणी तिथंच, त्या सुरावरच, मिटली.

“बघितलंत?” एंजेला कुजबुजली. “रोज बरोबर ह्याच जागेला झोपते. मला पण लहानपणी हीच जागा आवडायची, पप्पा. मला चांगलं आठवतंय.”

दानीएल झोपलेल्या रूथकडं बघत होता.

“तुम्ही काहीतरी सांगणार होतात ना? मेसेज केला होतात.”

“हं? हो.” त्यानं डबा जरा सरळ केला, डबा सरळच होता. “भाकरी यायला लागली मला.”

“काय सांगता! गोल होते?”

“गोल नाही होत. पण मोडत नाही आता.”

ती हसली, पोर उठेल म्हणून तोंडावर हात धरून हसली, आणि मग पडदा काळा झाला.

याला आता वर्ष होत आलं. जया मेसवाली राहात्याहून परत आली, पण दानीएलनं डबा कायमचा बंद केला. दर रविवारी नात आता पडद्याला हात लावत “ता, ता” करते, मग हा गिटार घेतो आणि तो जास्तीचा सूर न विसरता, अगदी एंजेलासारखा रेंगाळून वाजवतो. बाकीचे सहा दिवस तो भाकऱ्या थापतो. रोज चार. त्यातली दीड खातो. उरलेल्या गल्लीतल्या गाईला जातात, आणि गाय आता साडेअकराला त्याच्या फाटकात येऊन शिंगानं कडी वाजवते. गल्लीत नवा तर्क आहे, की दानीएलच्या घरात कुणीतरी जेवायला आहे.

झुंबरबाईंनी परवा सरळच विचारलं. “भाऊ, खरं सांगा. एकल्या मानसाला चार भाकरी कशापायी?”

दानीएल परात धूत होता. त्यानं धुतलेली परात पुन्हा एकदा घासली.

“पहिल्या दोन हात बसायला जातात,” तो म्हणाला. “तिसरीला लागतं.”

“काय लागतं?”

“लागतं.”

“आन चौथी?”

“चौथी…” त्यानं परातीतलं पाणी झाडाच्या बुंध्याशी ओतलं. “चौथी अशीच. लगेच तिथून निघवत नाही.”

झुंबरबाईंना यावर काहीतरी झणझणीत सुचलं असणार, सुचल्याशिवाय राहायच्या नाहीत. पण त्या तशाच भिंतीवरून खाली उतरल्या आणि बराच वेळ त्यांच्याही घरातून भांड्याचा आवाज आला नाही.